दुसऱ्यांच्या चुका पोटात घालणारा गडी

प्रश्न न्यू जर्सीतल्या एका मराठी वडिलांचा आहे. मुलगा चौदा वर्षांचा, डावखुरा, वर्गात सगळ्यांत उंच. बेसबॉलमध्ये आजवर सेंटर फील्डला, म्हणजे मैदानाच्या मागच्या भागात मधोमध, खेळायचा, अधूनमधून पिचिंग, म्हणजे बॅटरला चेंडू टाकायचं काम, करायचा. शाळेच्या नव्या कोचने त्याला फर्स्ट बेसवर, म्हणजे फटका मारून धावणाऱ्याला जे पहिलं ठाणं गाठावं लागतं तिथे, उभं केलं आणि मुलगा त्या रात्री न जेवता झोपला. घरातले काका म्हणाले, "ज्याला पळता येत नाही, फेकता येत नाही, त्याला तिथे ठेवतात." वडिलांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत. व्यावसायिक बेसबॉलमध्ये या जागेवरच्या खेळाडूची कारकीर्द कशी जाते? आणि मुलाने ही जागा धरावी की कोचला भेटून बदलून मागावी?

मी अकरा वर्षं फर्स्ट बेसवर खेळलो. आधी महाराष्ट्रात शालेय आणि विद्यापीठ स्पर्धांत, मग अमेरिकेत हौशी लीगमध्ये. गेली एकोणीस वर्षं मुलांना हीच जागा शिकवतोय. उत्तर लांबणार आहे, म्हणून मुद्द्याचं आधी सांगतो. कोचला भेटायला जाऊ नका. आणि काकांचं म्हणणं निम्मं खरं आहे. ते निम्मं नीट समजून घेतलंत तर या जागेची कारकीर्द निम्मी समजली.

बेसबॉलच्या आकडेवारीचे अभ्यासक बिल जेम्स यांनी मैदानावरच्या जागांची एक उतरंड मांडली आहे. शॉर्टस्टॉप (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधला), सेकंड बेस, सेंटर फील्ड या क्षेत्ररक्षणाला अवघड जागा. त्याखाली थर्ड बेस, राइट फील्ड, लेफ्ट फील्ड. आणि तळाशी फर्स्ट बेस. त्याच्याखाली फक्त बॅटिंगपुरता येणारा डेझिग्नेटेड हिटर. वय वाढतं, गुडघा बोलू लागतो, खांदा उतरतो, तसा खेळाडू या उतरंडीवरून खाली येतो. शिकागो कब्जचा एर्नी बँक्स शॉर्टस्टॉप म्हणून १९५८ आणि १९५९ अशी सलग दोन वर्षं लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पुढे फर्स्ट बेसवर आला आणि कारकिर्दीअखेर त्याचे शॉर्टस्टॉपपेक्षा फर्स्ट बेसवरचेच सामने जास्त भरले. जो मॉवर हा मिनेसोटाचा कॅचर (बॅटरमागे यष्टिरक्षकासारखा बसणारा) होता, तीनदा फलंदाजीच्या सरासरीत लीगमध्ये पहिला आलेला. २०१३ मध्ये डोक्याला मार बसून मेंदूला इजा झाली आणि २०१४ पासून तो फर्स्ट बेसमन झाला. फिलाडेल्फियाचा ब्राइस हार्पर राइट फील्डर. कोपराच्या शस्त्रक्रियेनंतर २०२३ मध्ये फर्स्ट बेसवर उभा राहिला आणि तिथेच राहिला.

म्हणजे ही जागा अनेकांचं सासर आहे, माहेर फार थोड्यांचं. तुमचा मुलगा जर चौदाव्या वर्षापासून फर्स्ट बेसमन म्हणून वाढला, तर त्याला फक्त बरोबरीच्या फर्स्ट बेसमनशी टक्कर द्यायची नाही. संघातला दुखावलेला कॅचर, वय झालेला थर्ड बेसमन, मंदावलेला लेफ्ट फील्डर, सगळे त्याच खुर्चीकडे बघत असतात आणि बहुतेकांची बॅट तगडी असते. म्हणूनच व्यावसायिक संघ या जागेवर बॅटीचीच अपेक्षा करतात. शॉर्टस्टॉपने बेताची बॅटिंग केली तरी त्याच्या हातांसाठी त्याला ठेवून घेतात. फर्स्ट बेसमनला ती सवलत नाही.

याचा परिणाम खेळाडूंच्या निवडीवर, म्हणजे ड्राफ्टवर, स्पष्ट दिसतो. संघ पहिल्या फेऱ्यांत शॉर्टस्टॉप, पिचर, सेंटर फील्डर घेतात. एड्रियन गोन्झालेझ २००० साली सगळ्यांत पहिला निवडला गेला, पण हा अपवाद. डॉन मॅटिंगली १९७९ साली १९ व्या फेरीत गेला. अल्बर्ट पुहोल्स १९९९ साली १३ व्या फेरीत. पॉल गोल्डश्मिट २००९ साली आठव्या फेरीत. तिघेही पुढे लीगचे सर्वोत्तम खेळाडू ठरले. ज्याच्याबद्दल मी खाली सविस्तर लिहिणार आहे तो कीथ हर्नांडेझ तर १९७१ साली ४२ व्या फेरीत गेला. आता ड्राफ्टच २० फेऱ्यांचा आहे. आजच्या नियमांत हर्नांडेझला कोणी निवडलंच नसतं.

काकांच्या बोलण्यातलं खरं ते एवढंच. आता जे खरं नाही त्याकडे येतो.

बॅटरने जमिनीलगत चेंडू मारला की त्याला ९० फूट पळून फर्स्ट बेस गाठायचा असतो. चांगला धावणारा सव्वाचार सेकंदांच्या आसपास पोचतो. तेवढ्या वेळात शॉर्टस्टॉपने चेंडू अडवायचा, उचलायचा आणि शंभरावर फुटांवरून फेकायचा. धावत, घसरत, तोल जात फेकलेला तो चेंडू दर वेळी छातीवर येईल का? कधी तो डोक्यावरून जातो, कधी धावणाऱ्याच्या अंगावर वळतो, कधी पायापुढे दीड फुटावर टप्पा पडतो. आपल्याकडे सीमारेषेवरून आलेला वेडावाकडा थ्रो स्टंपशी उभा राहून अर्ध्या टप्प्यावर गोळा करणारा यष्टिरक्षक आठवा. फर्स्ट बेसमन प्रत्येक सामन्यात हेच करतो, आणि तेही एक पाय बेसला चिकटवून.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या, कारण माझ्या सगळ्या उत्तराचा गाभा ती आहे. टप्पा पडलेला वाईट थ्रो फर्स्ट बेसमनने उचलला, तर स्कोअरबुकात फक्त एक बाद लिहिला जातो. साधा, छातीवर आलेला थ्रो झेलला तरी तेवढंच लिहिलं जातं. आणि तो वाईट थ्रो सुटला तर चूक बहुधा फेकणाऱ्याच्या नावावर चढते. म्हणजे फर्स्ट बेसमनचं उत्तम काम कागदावर उमटत नाही आणि त्याची कुचराई दुसऱ्याच्या खात्यात जाते.

हे मला कसं कळलं ते सांगतो. एका आंतरविद्यापीठ सामन्यात शेवटच्या डावात आमच्या थर्ड बेसमनने मुरमाच्या मैदानावर वाकडा उडालेला चेंडू कसाबसा अडवला आणि फेकला. मी त्याचा हात मागे जातानाच पाय लांबवून ताणून बसलो होतो. चेंडू माझ्या डावीकडे वळला. खिळलेल्या पायाने मी हललो नाही, चेंडू मागच्या जाळीपर्यंत गेला, दोन धावा झाल्या, सामना गेला. स्कोअरबुकात चूक थर्ड बेसमनच्या नावावर. परतीच्या एसटीत तो मुलगा खिडकीकडे तोंड करून रडत होता आणि मला ठाऊक होतं की थोडा थांबलो असतो तर तो थ्रो माझ्या हातात होता. मी तेव्हा त्याला हे सांगितलं नाही. आज शिकवताना पहिल्याच दिवशी मुलांना सांगतो: चेंडू हवेत दिसेपर्यंत ताणायचं नाही. आधी बेस शोधा, दोन्ही पाय मोकळे ठेवा, थ्रो कुठे येतोय ते बघा आणि मग त्या दिशेला पाय टाका. थ्रो फारच बाहेर असेल तर बेस सोडा, चेंडू अडवा. एक धावक बेसवर आला तर चालेल. चेंडू पळाला तर तो दोन बेस पळेल.

हर्नांडेझची कारकीर्द मी निवडतो, कारण ही जागा म्हणजे काय ते त्याच्याइतकं पूर्णपणे कोणी दाखवलं आहे असं मला वाटत नाही. शिवाय तुमच्या मुलासारखाच तोही डावखुरा.

जन्म सॅन फ्रान्सिस्कोचा, २० ऑक्टोबर १९५३. वडील स्वतः मायनर लीगमध्ये, म्हणजे सर्वोच्च मेजर लीगच्या खालच्या व्यावसायिक स्तरावर, खेळलेले, पुढे अग्निशमन दलात नोकरीला. शाळेच्या शेवटच्या वर्षी कोचशी बिनसलं आणि मुलगा खेळलाच नाही, म्हणून ४२ वी फेरी. सेंट लुईस कार्डिनल्सने घेतला आणि मायनर लीगच्या बसप्रवासाला लागला. ३० ऑगस्ट १९७४ रोजी आपल्याच गावी, कँडलस्टिक पार्कवर, मेजर लीगमध्ये पहिला सामना. त्या हिवाळ्यात संघाने तेव्हाचा फर्स्ट बेसमन जो टोरी याला दुसरीकडे पाठवून फर्स्ट बेसची जागा या मुलासाठी मोकळी केली. १९७५ च्या मोसमात बॅट चालेना आणि त्याला पुन्हा खाली तुल्साच्या संघात धाडलं. मी मघाशी म्हटलं ना, या जागेवर सवलत नाही. तेव्हाही त्याचा ग्लव्ह, म्हणजे क्षेत्ररक्षण, उत्तम होतं. ग्लव्ह कितीही चांगला असो, बॅटीविना जागा टिकत नाही.

मग १९७९ आलं. मोसमाची सुरुवात पुन्हा वाईट, पण मॅनेजर केन बॉयर यांनी त्याच्यावर भरवसा ठेवला, जागा काढून घेतली नाही. वर्षाअखेर सरासरी .३४४, म्हणजे हजार संधींत ३४४ हिट (बेसवर पोचवणारे फटके) असं प्रमाण, ४८ डबल्स (थेट सेकंड बेस गाठून देणारे फटके), १०५ धावा आत आणलेल्या. लीगच्या सर्वोत्तम खेळाडूच्या मतदानात तो आणि पिट्सबर्गचा विली स्टारजेल यांना समान गुण मिळाले आणि किताब दोघांत विभागला गेला. स्टारजेलही तोवर फर्स्ट बेसमन झालेला, मूळचा लेफ्ट फील्डर. एका पारड्यात तरुणपणापासून या जागेवर वाढलेला, दुसऱ्यात आयुष्याच्या उत्तरार्धात तिथे आलेला.

१९८२ ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेतेपदाची अंतिम मालिका, सातव्या सामन्यापर्यंत गेली. तो दिवस नेमका हर्नांडेझच्या २९ व्या वाढदिवसाचा. मिलवॉकी पुढे होती. सहाव्या डावात त्याने दोन धावा आणणारा फटका मारून बरोबरी साधली आणि कार्डिनल्स जिंकले. पुढच्याच वर्षी, १५ जून १९८३ रोजी, त्याला न्यूयॉर्क मेट्सला देऊन टाकलं. मेट्स तेव्हा तळाला. ज्याने नुकतंच विजेतेपद मिळवून दिलं त्याला तळाच्या संघात पाठवलं जातं, हे व्यावसायिक खेळाचं वास्तव मुलांना लवकर कळलेलं बरं. त्यामागची एक बाजूही सांगायला हवी. त्या वर्षांत तो कोकेनच्या आहारी गेला होता आणि १९८५ मध्ये पिट्सबर्गच्या न्यायालयात त्याने तसं शपथेवर कबूल केलं. खेळाच्या आयुक्तांनी शिक्षा म्हणून पगारातला हिस्सा दान करायला आणि समाजसेवा करायला लावली, ती त्याने स्वीकारली. मी हे झाकून ठेवत नाही, कारण चौदा वर्षांच्या मुलाला एखाद्याचा आदर्श दाखवायचा तर तो माणूस पडला कुठे हेही दाखवायला हवं.

न्यूयॉर्कमध्ये त्याने जे केलं ते आकड्यांत फारसं सापडत नाही. तळाचा संघ १९८४ मध्ये ९० सामने जिंकला, १९८६ मध्ये १०८. पिचर पोरसवदा होते. ड्वाइट गुडन तर १९८४ मध्ये अवघा एकोणीस वर्षांचा. हर्नांडेझ दर थोड्या वेळाने पिचरकडे जाऊन समोरच्या बॅटरला काय टाकायचं ते सांगायचा. प्रत्येक बॅटरची खोड त्याच्या डोक्यात असे. १९८६ मध्ये वर्ल्ड सिरीजच्या आधीच्या फेरीतला ह्यूस्टनविरुद्धचा सोळा डावांपर्यंत लांबलेला सामना घ्या. मेट्स ७-६ असे पुढे, दोन बाद, बॅटीवर केविन बास, पिचर जेसी ओरोस्को पार दमलेला. हर्नांडेझने पिचरला आणि कॅचरला बजावलं की फास्टबॉल टाकायचा नाही. स्लायडरवर स्लायडर (शेवटी वळणारे चेंडू) पडत गेले, बास चुकला, मेट्स वर्ल्ड सिरीजमध्ये. १९८७ मध्ये संघाने आपल्या इतिहासातला पहिला कर्णधार म्हणून त्याला नेमलं. फर्स्ट बेसवरून सगळं मैदान समोर दिसतं, पिचर हाकेच्या अंतरावर असतो, विरुद्ध संघाचा धावक शेजारी येऊन उभा राहतो. या जागेवरचा मुलगा गप्प असेल तर ती जागा अर्धी वाया जाते.

आणि त्याचे बंट. बॅटर बॅट आडवी धरून चेंडू हलकेच पुढे टाकतो, जेणेकरून पुढचा धावक सरकावा, त्याला बंट म्हणतात. इतर फर्स्ट बेसमन चेंडू उचलून मुकाट्याने पहिल्या बेसवर बॅटरला बाद करत. हर्नांडेझ पिचर चेंडू टाकत असतानाच बॅटरच्या अंगावर धावून जायचा आणि डाव्या हाताने सरळ सेकंड किंवा थर्ड बेसवर फेकून पुढच्या धावकालाच बाद करायचा. इथे डावखुरेपणाचा लाभ आहे. फर्स्ट बेसवर उभं राहून मैदानाकडे तोंड केलं की सेकंड आणि थर्ड बेस तुमच्या उजव्या अंगाला आणि समोर येतात. उजव्या हाताने फेकणाऱ्याला त्यासाठी अंग फिरवावं लागतं; डावखुऱ्याचा खांदा आधीच त्या दिशेला असतो. शिवाय डावखुऱ्याचा ग्लव्ह उजव्या हातात, म्हणजे सेकंडकडे सरकलेला धावक ज्या बाजूने परत येतो त्याच बाजूला. पिचरने अचानक चेंडू फर्स्ट बेसकडे फेकला की तो घेऊन धावकाला लावायला अर्धं पाऊलही टाकावं लागत नाही. लू गेरिग (न्यूयॉर्क यँकीजचा जुन्या काळचा फर्स्ट बेसमन), हर्नांडेझ, मॅटिंगली, तिघे डाव्या हाताने फेकणारे. मोठ्या स्तरावर डावखुऱ्यांना कॅचर, सेकंड बेस, शॉर्टस्टॉप, थर्ड बेस या जागा जवळजवळ बंदच असतात. उरतात पिचर, आउटफील्ड (लेफ्ट, सेंटर आणि राइट फील्ड) आणि फर्स्ट बेस. तुमच्या मुलाच्या कोचने त्याला खाली ढकललं असं मला वाटत नाही. इनफील्डमध्ये, म्हणजे बेसजवळच्या जागांत, त्याच्यासाठी उघडं असलेलं एकच दार त्याने उघडलं आहे.

हर्नांडेझला १९७८ ते १९८८ सलग ११ वर्षं गोल्ड ग्लव्ह, म्हणजे क्षेत्ररक्षणाचा पुरस्कार, मिळाला. फर्स्ट बेसमनांत इतके कोणालाच नाहीत. १९८६ च्या वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यात, तीन धावांनी मागे असताना, तिन्ही बेसवर धावक असताना, त्याने दोन धावा आणून डाव फिरवला. बॅट आणि ग्लव्ह दोन्ही. तरी हॉल ऑफ फेमच्या (बेसबॉलच्या दिग्गजांच्या सन्मानदालनाच्या) मतदानात तो कधी ११ टक्क्यांपुढे गेला नाही, लागतात ७५. कारण? या जागेवर मतदार होमरन (मैदानाबाहेर जाणारे फटके) मोजतात आणि त्याचे आयुष्यभरात १६२ होते. त्याची .२९६ ची सरासरी आणि २,१८२ हिट त्यांना पुरे वाटले नाहीत. वाचवलेले थ्रो कोणी मोजून ठेवले नव्हते. मला यात अन्याय दिसतो आणि मी तो प्रत्येक नव्या तुकडीला सांगतो, म्हणजे या जागेवर उभं राहताना काय मिळेल आणि काय मिळणार नाही हे त्यांना आधीच ठाऊक असावं. मेट्सने मात्र ९ जुलै २०२२ रोजी त्याचा १७ नंबर कायमचा राखून ठेवला.

त्या १७ नंबरबद्दल एक गोष्ट बापांसाठी. बॅट चालेनाशी झाली की हर्नांडेझ वडिलांना फोन करायचा. वडील टीव्हीवर सामना बघताना मुलाच्या पाठीवरचे १ आणि ७ हे दोन्ही आकडे दिसतात का ते बघत. दिसले तर खांदा नीट मिटलेला आहे. दिसले नाहीत तर तो लवकर उघडतोय. मी मुलांच्या बॅटिंगचं चित्रण करताना अजून हीच खूण वापरतो.

याच १९८६ च्या सिरीजमध्ये दुसऱ्या बाजूला बिल बकनर होता, बॉस्टनचा फर्स्ट बेसमन. सहाव्या सामन्याच्या दहाव्या डावात मूकी विल्सनचा साधा घरंगळत आलेला चेंडू त्याच्या पायांतून गेला आणि मेट्स जिंकले. पुढची कित्येक वर्षं त्याला त्या एका चेंडूवरून ओळखलं गेलं. पण तो आधी बराच काळ आउटफील्डला खेळलेला. १९७५ मध्ये घोटा जबर दुखावला, पुढे तो फर्स्ट बेसवर आला आणि दुखऱ्या घोट्यांवर खेळत राहिला. आयुष्यात २,७१५ हिट, १९८० मध्ये सरासरीत लीगमध्ये पहिला. आणि १९८५ मध्ये, त्या चुकीच्या आदल्याच वर्षी, त्याने फर्स्ट बेसमनचा १८४ असिस्टचा, म्हणजे चेंडू अडवून दुसऱ्याकडे देऊन बाद करवण्याचा, विक्रम केला होता. तो २००९ मध्ये पुहोल्सने एकाने मोडला. शिवाय तो चेंडू येण्याआधीच पिचरचा भरकटलेला चेंडू कॅचरला चुकवून गेल्याने बरोबरी झालेली होती. इतरांच्या चुका वर्षानुवर्षं पोटात घातल्या, त्याची एक चूक मात्र कोणी पोटात घातली नाही. २००८ मध्ये बॉस्टनच्या मैदानावर तो परत आला तेव्हा लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

शरीराबद्दल थोडं. लोकांना वाटतं इथे झीज कमी होते. पळणं कमी असेलही, पण हजारो वेळा एका पायावर ताणून कंबर आणि मांडीचे स्नायू खाल्ले जातात. मॅटिंगली १९८५ मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू होता. १९८७ पासून पाठीने छळलं आणि ३४ व्या वर्षी तो थांबला. पुहोल्सची कार्डिनल्समधल्या पहिल्या अकरा वर्षांची सरासरी .३२८, पुढे दहा वर्षांचा २४ कोटी डॉलरचा करार घेऊन एंजल्सकडे गेला तिथे .२५६. तळपायाच्या दुखण्याने त्याचं खूप नुकसान केलं. तरी २०२२ मध्ये तो कार्डिनल्सकडे परतून ७०३ होमरनवर थांबला.

गेरिगचं सांगायचं तर २,१३० सलग सामने सगळ्यांना माहीत असतात. मला त्याचा शेवट जास्त आठवतो. एप्रिल १९३९ अखेर एका अगदी साध्या चेंडूवर त्याला बेसवर पोचायला उशीर झाला, कसाबसा बाद मिळाला आणि सहकारी "छान खेळलास" म्हणाले. रोजच्या कामाबद्दल शाबासकी मिळतेय म्हटल्यावर तो समजला. २ मे रोजी डेट्रॉइटला त्याने स्वतःच मॅनेजरला सांगितलं की आज मला खेळवू नका. आजार काय तो नंतर कळला. फर्स्ट बेसमनला आपलं शरीर बिघडलंय हे इतरांआधी कळतं, कारण तो दिवसाला शेकडो वेळा तेच साधं काम करत असतो.

पैशाचं थोडक्यात. २०२३ च्या करारानुसार मेजर लीगच्या एक पायरी खालच्या ट्रिपल-ए संघातला किमान वार्षिक पगार तेव्हा ३५,८०० डॉलर होता. त्याच वर्षी मेजर लीगचा किमान ७,२०,००० डॉलर. मधली दरी केवढी ते बघा. मेजर लीगमध्येही पहिली तीन वर्षं बहुतेकांना किमान पगाराच्या आसपासच मिळतं, खुल्या बाजारात जायला सहा वर्षं लागतात. तोवर फर्स्ट बेसमन तिशीकडे झुकलेला असतो. चौदाव्या वर्षी हा हिशेब मांडून बसण्यात अर्थ नाही, पण प्रश्न विचारलात म्हणून सांगितलं.

नियमही बदललेत. २०२२ पासून मेजर लीगच्या दोन्ही लीगमध्ये (अमेरिकन आणि नॅशनल) पिचर बॅटिंग करत नाही, त्यामुळे बंट दुर्मीळ झाले; हर्नांडेझचं ते अस्त्र आज तितकं वापरायला मिळालं नसतं. २०२३ पासून सेकंड बेसच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन इनफील्डर ठेवणं सक्तीचं झालं, म्हणजे फर्स्ट बेसमनच्या उजवीकडची मोकळी जागा त्याला स्वतः राखावी लागते. जडशीळ, जागचे न हलणारे फर्स्ट बेसमन आता महागात पडतात. सेंटर फील्डला पळलेल्या तुमच्या मुलाला याचा फायदाच आहे.

आता त्याने काय करावं ते. फर्स्ट बेस घ्यावा. पण सतराव्या वर्षापर्यंत आउटफील्ड सोडू नये आणि हात चांगला असेल तर पिचिंगही ठेवावं. तीनही दारं उघडी राहतील. बॅटिंगला रोजचा वेळ द्यावा. या जागेवर तिची उधारी चालत नाही. क्षेत्ररक्षणासाठी आधी पाय: डावखुऱ्याचा डावा पाय बेसवर, उजवा पाय थ्रोकडे. बेस पायाच्या चवड्याने आणि त्याच्या आतल्या कडेला शोधायचा. मध्यभागी पाय ठेवला तर धावणाऱ्याच्या बुटाचे खिळे घोट्यात जातात, माझ्या उजव्या घोट्यावर अजून व्रण आहे. मग टप्पा: गॅरेजच्या भिंतीवर टेनिस बॉल आपटून, गुडघ्यावर बसून, मोकळ्या हाताने शंभर वेळा उचलायचा. हात चेंडूवर झडप घालत नेऊ नये. तळहात आधी जमिनीपाशी ठेवावा आणि टप्प्याबरोबर वर यावा. पिचर बेस झाकायला धावत येतो तेव्हा चेंडू त्याला बेसच्या दोन पावलं आधी, छातीच्या उंचीवर, खालून द्यायचा, म्हणजे त्याला उरलेला वेळ बेस बघायला मिळतो.

मिट, म्हणजे फर्स्ट बेसमनचा खास ग्लव्ह, घेताना दुकानात नीट सांगा की मुलगा डाव्या हाताने फेकतो, म्हणजे मिट उजव्या हातात जाणारं हवं. घाईत उलटं दिलं जातं. फर्स्ट बेसच्या मिटला सुटी बोटं नसतात आणि मेजर लीगच्या नियमाने ते १३ इंचांपर्यंत चालतं. त्याच्या वयाला बारा इंचांचं पुरेल. आणि पुढच्या सरावाला त्याला अर्धा तास लवकर पाठवा. शॉर्टस्टॉप, सेकंड आणि थर्ड बेसच्या मुलांना म्हणावं, मला वीस-वीस थ्रो फेका, त्यातले पाच मुद्दाम वाईट. कोणाचा चेंडू शेवटी डावीकडे पळतो, कोणाचा बुडतो, हे त्याने घरी येऊन तुम्हाला नावानिशी सांगायला हवं.